झाकण बसत नाही

सुदाम गेल्याचा फोन आला तेव्हा मी मंचरला चष्म्याच्या दुकानात बसलो होतो. डोळ्यांवर ती जड लोखंडी चौकट होती आणि दुकानदार एकेक भिंग बदलून समोरची अक्षरं वाचायला लावत होता. फोन कमलवहिनींचा होता. "भाऊजी, घरी या," म्हणाल्या. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "हे उठंनात..." मी अवसरीला पोचलो तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. सुदाम खाटेवर होता. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, एका पायात चप्पल. दुसरी चप्पल घालायला वाकला आणि तसाच कलंडला, असं वहिनींनी सांगितलं.

याला सहा आठवडे झाले. या पुरवणीत मी आजवर गेलेल्या बऱ्याच माणसांवर लिहिलं आहे. लिहिताना वाईट वाटायचं, आणि लिहून झालं की थोडं हलकं वाटायचं. या वेळी राग आहे. तो उतरेल म्हणून थांबलो होतो. उतरला नाही, म्हणून तसाच लिहायला बसलो आहे.

तिसऱ्या दिवशी आमच्या चौकात फ्लेक्स लागला. सुदामचा हसरा फोटो, खाली 'सुतारकामातील दीपस्तंभ हरपला', आणि उजव्या कोपऱ्यात एका रंधा मशीनचं चित्र व शोरूमचा पत्ता. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर मशीनचं चित्र मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. शोकसभेला त्या शोरूमचे मालक पहिल्या रांगेत होते. आमच्याकडे त्यांना सगळे शेठच म्हणतात, मीही इथे तेवढंच म्हणतो. नाव लिहिलं तर संपादक हा लेख छापणार नाहीत. शेठनी हार घातला, रुमालाने डोळे टिपले आणि म्हणाले, "सर म्हणजे शांत माणूस. त्यांचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही." याच शेठच्या शोरूममध्ये, याच सुदामने, टेबलावर मूठ आपटून त्यांना खोटारडे म्हटलं होतं. मी शेजारी उभा होतो. सभेत मला बोलायला सांगितलं तेव्हा हे सांगायला हवं होतं. मी काय बोललो? बालपणीच्या दोन आठवणी, एक सुभाषित, आणि बसलो. लोक म्हणाले, गुरुजी छान बोलले.

आम्ही दोघे अवसरी बुद्रुकच्या शाळेत एका बाकावर होतो. माझं घर बागायतीचं, वाड्याशेजारी विहीर असलेलं. त्याचं वस्तीतलं, आजोबांच्या काळात धम्म स्वीकारलेलं. दहावीनंतर मी कॉलेजात गेलो आणि तो आयटीआयला, सुतारकामाला. तेव्हा गावातला एक म्हातारा सुतार पारावर मोठ्याने हसला होता. "सुतारकी काय पुस्तकात वाचून येती व्हय?" बाकीचे त्याहून वाईट बोलले. ते मी ऐकलं आणि पायाच्या अंगठ्याने माती उकरत गप्प बसलो. सुदाम मात्र तेव्हापासून खिशात छोटा गुण्या घेऊन फिरायला लागला, काटकोन तपासायला. लग्नाला गेला तरी मांडवाच्या खांबाला लावून बघायचा. मी एकदा त्याची चेष्टा केली तर म्हणाला, "तुझी रेघ वाकडी गेली तर तुझी एकट्याची जाती. माझी गेली तर म्हणत्यात, बघा, ह्यांचं कामच न्हाई ते." पुढे तो त्याच आयटीआयमध्ये निदेशक झाला. तीस वर्षं शिकवलं. आज जुन्नर आणि आंबेगावात दारं, खिडक्या, देव्हारे करणारा माणूस भेटला की अर्ध्या वेळा तो सुदामचा विद्यार्थी निघतो. त्या म्हाताऱ्या सुताराचा नातूसुद्धा.

निवृत्तीनंतर त्याने घरामागे पत्र्याची शेड घातली. धंदा करायचा नव्हता. हातरंधे, पटाश्या, एक जुनी गोल करवत, आणि शेजाऱ्यांच्या मोडक्या खुर्च्या. दिवाळीनंतर एके दिवशी शेठची गाडी दारात आली. नवं मशीन आलं होतं, घरच्या छोट्या कारखान्यासाठी. एका खाटेएवढी जागा, घरचीच लाईट, आणि तीन कामं: फळी रंधून साफ करणं, जाडी काढणं, आणि पाती बदलली की पट्ट्यांना नक्षी पाडणं. "सर, महिनाभर वापरून बघा. कसं वाटतं ते लिहून द्या," शेठ म्हणाले. "दोन तालुक्यांत तुमचा शब्द म्हणजे शिक्का आहे." सुदाम लाजला. खूश झाला होता, हे मला त्याच्या खाली गेलेल्या मानेवरून कळलं.

तो महिना मी जवळजवळ रोज शेडमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून काढला. माणूस मशीन तपासतो म्हणजे काय करतो, हे मी तिथे पाहिलं. साग, कडुनिंब, आंबा, बाभूळ, सगळ्यांच्या सारख्या लांबीच्या फळ्या त्याने कापून घेतल्या. प्रत्येक फळी मशीनमधून काढली की चारही कोपऱ्यांची जाडी व्हर्नियरने मोजायची आणि आकडा त्याच फळीवर पेन्सिलीने लिहायचा. फळीच्या शेवटच्या दोन बोटं लांबीत मशीन किंचित खड्डा पाडतं, हे त्याच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं. मग टेबलाचे बोल्ट ढिले-घट्ट करत तो खड्डा कसा कमी होतो ते शोधलं. दुपारी फळी गुळगुळीत निघायची आणि संध्याकाळी, गावातल्या विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की, तीच फळी लाटा उमटून यायची. "मशीनचा दोष न्हाई, लाईटीचा हाय. पण घेणाऱ्याला सांगाया पायजे," असं म्हणून तेही लिहिलं. मशीन त्याला आवडलं होतं, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. सागाच्या फळीवर तळहात फिरवून माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, "हात लाव. मांजराच्या पाठीवानी लागतंय." 

मग त्याने नक्षीची पाती लावली. ही पाती साध्या पात्यांपेक्षा बाहेर येतात. मशीनवर पात्यांवर बसणारं एक लोखंडी झाकण होतं, हात चुकून आत जाऊ नये म्हणून. ते आता अडकायला लागलं. सुदामने तऱ्हेतऱ्हेने बसवून पाहिलं. बसेना. झाकण काढून ठेवलं तरच नक्षीचं काम होत होतं, आणि झाकण काढलं की पाती उघडी, बोटांपासून इंचभर लांब. शिवाय मशीन बंद करायचं बटण पलीकडच्या बाजूला; काही गडबड झाली तर फिरत्या पात्यांवरून हात न्यायचा. त्याने मशीन बंद केलं आणि कोपऱ्यातल्या ठोकळ्यावर जाऊन बसला. 

त्याने अहवाल लिहिला चार पानांचा. सरळ, टपोऱ्या अक्षरांत. पहिली तीन पानं बहुतेक कौतुकाची. चौथ्या पानावर ही वाक्यं होती, मला पाठ आहेत: 'नक्षीची पाती लावल्यावर झाकण बसत नाही. झाकणाशिवाय हे मशीन चालवू नये. कंपनी दुसरे झाकण देत नाही तोवर यावर नक्षीचे काम करू नये. बटण पुढच्या बाजूला घ्यावे.' शेठला कागद देऊन तो आणि वहिनी लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेले.

चार दिवसांनी शेठ माझ्याकडे आले. पेढे घेऊन. "गुरुजी, तुम्ही लेखक माणूस. सरांनी फार लांबलचक लिहिलंय. पत्रकावर एक पान मावतं. तेवढं बसवून द्या, भाषा जरा फुलवा." मी चौथं पान वाचलं. शेठना म्हणालो, हे झाकणाचं काय? ते म्हणाले, "ते तांत्रिक आहे हो. कंपनीला कळवलंय. गिऱ्हाइकाला त्यातलं काय कळणार?" आणि मी ते काढलं. मला कोणी धमकावलं नव्हतं, कसली लालूच दाखवली नव्हती. एक पान भरायचं होतं आणि कौतुकाची वाक्यं छान वाचली जात होती. मांजराच्या पाठीची उपमा मी आवर्जून घातली. सुदामला एक फोन केला असता तर काम झालं असतं. तो लेकीकडे आहे, कशाला त्रास, असं मनाशी म्हणालो. पस्तीस वर्षं मुलांना सारांशलेखन शिकवलं. मूळ अर्थाला धक्का न लावता, असं दर वर्षी फळ्यावर लिहीत होतो.

पत्रक निघालं. त्यावर सुदामचा तोच हसरा फोटो. गावोगावच्या हार्डवेअरच्या दुकानांत चिकटवलं गेलं.

लेण्याद्रीच्या पायथ्याकडच्या एका गावात नामदेव म्हणून सुदामचा जुना विद्यार्थी राहतो. यात्रेकरूंसाठी लाकडी देव्हारे करतो. देव्हाऱ्याच्या कडेला नक्षीची पट्टी लागते, म्हणून त्याने हे मशीन घेतलं. तिसऱ्या आठवड्यात पट्टी ढकलताना लाकडात गाठ आली, पट्टी उडाली आणि उजवा हात आत गेला. दोन बोटं पूर्ण गेली, तिसरं अर्धं. सुदामला हे कळलं तेव्हा आम्ही दोघे माझ्या मोटारसायकलवर गेलो. नामदेव ओट्यावर बसला होता, हात पट्टीत गळ्याशी बांधलेला. त्याने डाव्या हाताने पाया पडायचा प्रयत्न केला. सुदामने त्याला धरून बसवलं आणि विचारलं, "झाकण काढून चालवलंस?"

"बसतच नव्हतं ना सर."

"मग मी लिहिलं व्हतं की चालवू नका म्हणून."

नामदेव गोंधळला. त्याने बायकोला हाक मारली. तिने भिंतीवरून पत्रक काढून आणलं. "ह्यात तर तसं काय न्हाई, सर," तो म्हणाला. "तुमचा फोटो बघूनच घेतलं मी." आवाजात तक्रार नव्हती. ती असती तर बरं झालं असतं...

सुदामने पत्रक वाचलं. एकदा, दोनदा. मांजराच्या पाठीपाशी थांबला. शेठच्या तोंडी असली उपमा येणार नाही, हे त्याला कळत होतं, आणि ती त्याने फक्त एका माणसाला सांगितली होती.  परतीच्या वाटेवर जुन्नर सोडल्यावर म्हणाला, "गाडी थांबव." मी थांबवली. खाली उतरून माझ्यासमोर उभा राहिला.

"हे तू लिव्हलंस?"

"जागा कमी होती, सुदाम."

"चौथं पान वाचलं व्हतंस?"

"वाचलं होतं."

"वाचून काढलंस." 

मी काहीतरी बोलायला लागलो, तर त्याने हात वर केला. "त्या पोराची बोटं गेली माझ्या सहीनं. आन् सही तू केलीस. तू पारावर गप बसायचास ते मी समजून घेतलं, लहान व्हतो आपण. आता कशापायी गप बसलास?" पंचेचाळीस वर्षांत त्याने तो पार कधी काढला नव्हता. मला वाटत होतं, तो विसरला असेल. एसटी आली, तिला हात करून तो चढला आणि निघून गेला.

आठ दिवस बोलला नाही. नवव्या दिवशी सकाळी माझ्या दारात आला, उंबऱ्याबाहेरच उभा राहून म्हणाला, "गाडी काढ. शेठकडं जायचंय." आम्ही गेलो. शेठनी चहा मागवला. सुदाम म्हणाला, विकलेली सगळी मशीनं परत घ्या, नाहीतर प्रत्येकाला नवं झाकण द्या. शेठ म्हणाले, झाकण हा कंपनीचा प्रश्न. मग म्हणाले, नामदेवने निष्काळजीपणा केला. तेव्हा ती मूठ टेबलावर आपटली आणि चहा सांडला. सुदामने घेणाऱ्यांची नावं मागितली. शेठ म्हणाले, ग्राहकांची माहिती आम्ही बाहेर देत नाही. बाहेर आलो तर मशीनं पोचवणारा टेंपोवाला तंबाखू मळत उभा होता. त्याने आतलं सगळं ऐकलं होतं. आमच्याकडे न बघता गावं सांगितली. नऊ मशीनं, नऊ गावं.

मग सुदामने शेडमध्ये स्वतः झाकणं बनवली. बाभळीचा घडीव तुकडा, त्याला लोखंडी पट्टीचा हात आणि सायकल स्टँडची स्प्रिंग. लाकूड आत गेलं की झाकण तेवढंच उचललं जायचं, पुढे सरकलं की परत खाली. सोबत हातभर लांबीची एक ढकलकाठी. कमलवहिनी कानशीने कडा घासायच्या. मी भुसा झाडायचो, कारण मला दुसरं काही येत नव्हतं. मला तिथे येऊ देत होता, एवढंच. माफ केलं असं कधी म्हणाला नाही, आणि मीही मागायला धजलो नाही.

घोडेगाव, ओतूर, नारायणगावच्या पलीकडची दोन गावं... आम्ही एकेक करत फिरलो. तो मागे बसायचा, मांडीवर पिशवी. प्रत्येक दारात आधी तेच सांगायचा: "पत्रकावर माझा फोटो हाय, पण ते माझं म्हणणं न्हाई." एके ठिकाणी मालक हसला. "राव, झाकण लावलं तर काम लई हळू व्हतं," म्हणाला आणि आमच्यासमोर पान्याने ते खोलून ठेवलं. सुदाम पिशवी उचलून निघाला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तिथे गेला, आणि या वेळी नामदेवला सोबत नेलं. नामदेवने फक्त पट्टी सोडून हात दाखवला. झाकण परत बसलं.

जिना चढताना तो थांबायला लागला होता. छातीवर हात ठेवायचा. विचारलं की म्हणायचा, "भुसा गेलाय." तो गेल्यावर वहिनींनी मला डॉक्टरचे कागद दाखवले. हृदयाच्या नसा तपासून घ्या, उशीर करू नका, असं लिहिलेलं. "म्या रोज म्हणायची, जाऊन या," वहिनी म्हणाल्या. "म्हणायचे, नऊ झाल्यावर." म्हणजे मी ज्याला गाडीवर घेऊन खड्ड्यांतून फिरवत होतो, तो माणूस हे पोटात ठेवून बसला होता. त्याचाही राग येतो मला. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावलो आहे. मला सांगितलं असतं तर मी त्याला उचलून दवाखान्यात नेलं असतं... पण मला त्याने का सांगावं?

आठ झाली होती. नववं बेल्ह्याला होतं. ज्या सकाळी चप्पल घालताना तो गेला, तेव्हा आम्ही तिकडेच निघणार होतो.

गेल्या सोमवारी मी एकटा गेलो. वहिनींनी पिशवी भरून दिली: झाकण, बोल्ट, पाना, ढकलकाठी. बेल्ह्याचा बाजार होता. बैलांनी भरलेले टेंपो रस्त्यात अडकलेले, मोटारसायकलींची गर्दी. विचारत विचारत घर सापडलं. सखाराम म्हणून पन्नाशीचा माणूस, दारं-चौकटी करणारा. मी म्हणालो, सुदाम सरांकडून आलोय. त्याने माझ्या मागे रस्त्याकडे पाहिलं.

"सर मागनं येत्यात का?"

मी म्हणालो, आधी मशीन दाखवा. त्याने पडवीत नेलं. मशीनवर जुनी गोधडी टाकून सुतळीने बांधलेली होती. मला समजेना. त्याची बायको दारात उभी होती, ती म्हणाली, "सरांचा फोन आला व्हता. म्हणले, मी झाकण घेऊन येतो, तवर चालू करू नका. ह्यांनी न्हाई केलं. दोन म्हैने झालं. गिऱ्हाइकं दुसरीकडं गेली, मी म्हणलं चालवा की जरा. तर म्हणले, सरांनी सांगितलंय."

 सुदाम गेल्याचं मी त्यांना तिथेच, जमिनीवर बसून सांगितलं. सखारामने डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून उभा राहिला. 

मग त्याने सुतळी सोडली. मी पाना घेतला, पण माझ्या हातून बोल्ट दोनदा पडला. "द्या हिकडं, पावणं," म्हणून त्यानेच झाकण बसवलं. घट्ट बसलं. बोटाने उचलून सोडलं, खाली आलं. पुन्हा उचलून सोडलं. मी म्हणालो, "एक पट्टी काढून बघता का?"

त्याने मान हलवली. गोधडी परत मशीनवर टाकली, कडा नीट खोचल्या.

"उद्यापास्न करू सुरू," तो म्हणाला. "आज न्हाई."

शेठचं शोरूम सुदाम गेला त्या दिवशीही उघडं होतं.